लेक दिवाळीला घरी येतेय

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही सांगलीचे. मुलगी २७ वर्षांची आहे, चार वर्षं झाली, बंगळुरूला नोकरी करते. धाकटा मुलगा इथेच शिकतो. गेल्या दिवाळीला ती आठ महिन्यांनी घरी आली. मी पंधरा दिवस आधीपासून फराळाला लागले होते. अनारसे, करंज्या, चकल्या, तिच्या आवडीचं सगळं केलं. आल्यावर म्हणाली, आई, मी साखर बंद केलीय. नरक चतुर्दशीला पहाटेपासून हाका मारल्या, पण उठली नऊला. मग दिवसभर लॅपटॉप, नाहीतर फोन. माझं मनगट दुखतं हे कधीतरी फोनवर बोलले होते, म्हणून कणीक मळायचं यंत्र घेऊन आली. मी म्हटलं, कशाला एवढे पैसे घालवलेस? ते अजून माळ्यावर खोक्यातच आहे. पाडव्याला वन्सं एक स्थळ घेऊन आल्या, मुलाकडची मंडळीही बरोबर होती. हिने पाणी आणून दिलं आणि खोलीत जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. संध्याकाळी न सांगता मैत्रिणींकडे गेली, रात्री साडेदहाला उगवली. माझा तोल गेला. 'हे घर आहे की लॉज?' असं बोलून गेले. भाऊबीजेला ओवाळून, जेवून दुपारच्या गाडीने निघायची होती, ती पहाटेच्या बसने निघून गेली. तेव्हापासून फोनवर बोलते, पण तुटक. तिचे बाबा तेव्हाही गप्प होते, आताही गप्पच. यंदा येतेय. तिकीट दोन महिने आधीच काढलंय म्हणाली, आणि दोन दिवस घरूनच काम करणार आहे. मला आनंद झालाय आणि धडधडतंही आहे. या वेळी काय करू म्हणजे मागच्यासारखं होणार नाही?

— एक आई, सांगली

उत्तर

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती कणकेच्या यंत्राची ओळ. तुम्ही ती जाता जाता लिहून टाकली आहे, पण माझं मन तिथेच अडकलं. मनगट दुखतंय हे तुम्ही फोनवर एकदाच बोललात, तेही दहा विषयांच्या मध्ये. मुलीने ते लक्षात ठेवलं. कुठलं यंत्र चांगलं हे शोधलं, स्वतःच्या पगारातून घेतलं आणि एवढं जड खोकं रात्रभराच्या प्रवासात सांभाळत सांगलीपर्यंत आणलं. तिला तुमच्या तोंडून ऐकायला काय मिळालं? कशाला पैसे घालवलेस.

तुम्ही हे काटकसरीच्या सवयीने म्हणालात, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या पिढीतल्या बायका स्वतःसाठी आलेल्या कुठल्याही वस्तूला आधी हेच म्हणतात. पण तिच्या बाजूने बघा. तुम्ही तिच्यासाठी पंधरा दिवस खपून जे केलं, ते तिने पुरेसं खाल्लं नाही, हे तुम्हाला लागलं. तिने तुमच्यासाठी जे आणलं, ते तुम्ही उघडलंही नाही. तुम्हाला जे दुखलं, नेमकं तेच तिलाही दुखलं. फरक इतकाच की तुमचं दुःख बोलण्यातून बाहेर पडलं आणि तिचं पहाटेच्या बसमधून.

ते खोकं आजच खाली काढा. ती आल्यावर तिच्यासमोर नको, ती यायच्या आधी काढा, आणि रोजच्या पोळ्यांची कणीक त्यात मळायला लागा. पहिल्या दिवशी पाणी जास्त होईल, कणीक चिकटेल. तेव्हा तिला फोन करून विचारा, 'अगं, पाण्याचं प्रमाण कसं घ्यायचं? माझी सैल झाली.' हाताची सर यंत्राला येत नाही, हे मलाही मान्य. पण मनगट सुजलेलं असताना त्या हाताला तरी कुठली सर येणार? गेलं वर्षभर जे तुटक बोलणं चाललंय, ते मोकळं व्हायला मला तरी याहून चांगला फोन सुचत नाही.

तुमच्या मनातली भीती थोडी कमी व्हावी म्हणून दुसरी गोष्ट सांगते. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. दिवाळीच्या गाड्यांची तिकिटं खिडकी उघडल्यावर बघता बघता संपतात. बंगळुरूहून मिरजेकडे येणाऱ्या राणी चन्नम्मासारख्या गाडीचं तर विचारूच नका. मुलगी म्हणते की तिकीट दोन महिने आधी काढलं, म्हणजे त्या दिवशी ती घड्याळाकडे डोळे लावून बसली असणार. मागच्या वर्षीचं सगळं मनात असूनही. ज्याला घर नकोसं झालंय तो माणूस 'तिकीट मिळालं नाही' एवढं सांगून मोकळा होतो, आणि दिवाळीत तर ते कारण सगळ्यांना पटतंही. तिने ते दिलं नाही.

आता ज्या गोष्टीबद्दल मी तुमची बाजू घेऊ शकत नाही, ती बोलते. पाडव्याचं स्थळ. आठ महिन्यांनी घरी आलेल्या मुलीसमोर, सणाच्या दिवशी, तिला न विचारता, न कळवता मुलाकडच्या मंडळींना आणून बसवणं हा तिच्यावर अन्याय होता. तुम्ही लिहिता की वन्सं घेऊन आल्या. ते येणार हे तुम्हाला आधी माहीत होतं की नव्हतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माहीत असेल तर तुम्ही तिच्यापासून लपवलंत. माहीत नसेल तर दारात मंडळी बघून तुमच्यावरही तीच वेळ आली असणार, पण मग ते मुलीला नंतर तरी सांगायला हवं होतं. तिने पाणी आणून दिलं. चारचौघांत तुमचा आणि नणंदबाईंचा मान राखला. खोलीत जाऊन बसली म्हणून तुम्हाला अपमान वाटला, मला मात्र त्यात तिचा संयम दिसतो.

तिने लग्नच करू नये किंवा तुम्ही विषयच काढू नये, असं मी म्हणत नाही. आईला काळजी असते आणि ती विचारणारच. पण तो विषय दिवाळीच्या चार दिवसांत नको, आणि आत्या, काका, शेजारच्या काकू यांच्या तोंडून तर अजिबात नको. तुम्हाला विचारायचं असेल तर एखाद्या निवांत रविवारी फोनवर सरळ विचारा, 'तुझ्या मनात काय आहे? कुणी आहे का? आम्ही बघावं असं तुला वाटतं का, की अजून थांबायचंय?' आणि उत्तर जे येईल ते ऐकून घ्या, लगेच समजूत घालायला जाऊ नका. नणंदबाईंना मात्र दिवाळीच्या आधी फोन करून स्पष्ट सांगायला लागेल. भांडायची गरज नाही. 'वन्सं, तुम्ही जरूर या, फराळाला या, पण या वेळी कुणाचं नाव काढायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय.' 'आम्ही दोघांनी' हे शब्द गाळू नका. खरं तर हा फोन मुलीच्या बाबांनीच करायला हवा, बहीण त्यांची आहे. ते या सगळ्यात गप्प राहिले याचा तुम्ही दोनदा उल्लेख केलाय. त्या गप्प बसण्यामुळे गेल्या वर्षी घरातली प्रत्येक कटू गोष्ट तुमच्याच तोंडून गेली आणि मुलीच्या मनात तुम्हीच वाईट ठरलात. हे त्यांना अगदी याच शब्दांत सांगा.

तुमच्या मनात मुलगी अजून तेवीस वर्षांची आहे, पहिल्या नोकरीसाठी बॅग भरून निघालेली. तिकडे ती चार वर्षं स्वतःचं घर चालवतेय. घरमालकाशी भाड्यावरून बोलते, गॅस संपला तर बघते, ताप आला तर स्वतःच भात लावते. किती वाजता झोपायचं, काय खायचं, कुणाकडे जायचं, हे ती रोज ठरवते. उंबरठा ओलांडून आत आली की एका तासात तिला पुन्हा 'केस का नाही विंचरले' ऐकावं लागतं. तिला घर आवडत नाही असं नाही. या घरात आपलं वय मोजलं जात नाही, हे तिला खुपतं. म्हणून मी तुम्हाला एकच गोष्ट कळकळीने सांगेन. घरातल्या मोठ्या माणसाला जसं विचारतो, तसं तिला विचारा. दिवाळीचे बेत ती आल्यावर जाहीर करू नका, यायच्या आधी तिच्याबरोबर ठरवा.

त्या बेताची सुरुवात तिच्या कामापासून करा. कर्नाटकात दिवाळीची सुट्टी नरक चतुर्दशीला आणि बलिपाड्यमीला, म्हणजे आपल्या पाडव्याला असते. मधलं लक्ष्मीपूजन आणि नंतरची भाऊबीज तिच्या ऑफिसच्या दृष्टीने बहुतेक कामाचेच दिवस. ती 'दोन दिवस घरून काम करेन' म्हणते ते दिवस हेच असावेत. म्हणजे तुमच्याजवळ राहता यावं म्हणून ती रजेशिवाय वाट काढतेय. गेल्या वर्षीच्या त्या लॅपटॉपमागेही काही अंशी हेच असू शकेल. तिला विचारा, कुठल्या वेळात तुला मीटिंग आहे, आणि त्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिच्या खोलीत आता काय काय आलंय मला माहीत नाही, पण बहुतेक घरांत मुलांच्या रिकाम्या खोलीत तांदळाच्या गोण्या, शिलाई मशीन आणि न लागणाऱ्या खुर्च्या जातात. सगळं हलवायला नको. पलंग मोकळा करा, कपाटातला एक कप्पा रिकामा करा, प्लगजवळ एक टेबल लावा आणि त्या खोलीत वायफाय नीट येतं का ते धाकट्याला बघायला सांगा. तिची जुनी वह्या-पुस्तकं, कपडे यातलं काही कुणाला देऊन टाकायचं असेल तर आधी विचारा. आणि दार बंद असताना चहा, फराळाची ताटली घेऊन आत जाऊ नका. कॅमेरा चालू असतो, पलीकडे तिचे साहेब असतात. बाहेर ठेवा, ती येऊन घेईल.

लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त संध्याकाळी असतो. त्या वेळी तासभर मोकळं राहता येईल का, एवढं आधी विचारून ठेवलंत तर ती ऑफिसात तसं सांगून ठेवेल. आयत्या वेळी 'चल ऊठ, पूजा मांडलीय' म्हणालात तर तिची ओढाताण होणार आणि तुमचा सण कडू होणार.

पहाटेच्या अभ्यंगस्नानाबद्दल. तुम्हाला ते हवंय, आणि का हवंय हे मला कळतं. काळोखात पणत्या, पाटाभोवती रांगोळी, पाठीला तेल चोळताना लेकीशी निघणारं बोलणं, उटण्याचा वास, बाहेर धाकट्याने फोडलेलं कारीट. वर्षभर ज्या घरात दोन-तीन माणसांचा आवाज असतो, तिथे ही एक पहाट म्हणजे दिवाळी. मग ते तिला तसंच सांगा. 'चार दिवसांत तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी आहे. नरक चतुर्दशीला पहाटे मी तुला तेल लावणार. बाकी रोज तू दुपारी बारापर्यंत झोपलीस तरी चालेल.' ती हो म्हणेल असं मला वाटतं. पण मग बाकीच्या दिवसांचा शब्द तुम्हीही पाळायचा. नऊ वाजले म्हणून भांडी आपटायची नाहीत, पंखा बंद करायचा नाही, दाराशी उभं राहून शेजारणीला 'आमच्याकडे अजून रात्रच आहे' म्हणायचं नाही. रोज रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या मुलीला आईच्या घरी झोप लागते, यात मला तरी तक्रार करण्यासारखं काही दिसत नाही.

फराळाचं तर तुम्ही स्वतःवरच फार ओझं घेता. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचे, कुटायचे, गुळात कालवून पीठ मुरवायचं, आणि एवढं करून ते तुपात जाळीदार पडतील की हसतील याची धाकधूक. ज्यांच्यासाठी केलं त्यांनी अर्धा खाल्ला की जीव तुटतो, साहजिक आहे. या वेळी तिला आधीच विचारा, 'काय करू?' मला अंदाज आहे की उत्तर गोडाचं येणार नाही. बाहेर राहणाऱ्या मुलांना आठवते ती ज्वारीची गरम भाकरी, भरली वांगी, आंबट-गोड आमटी, खर्डा. यातलं काही पंधरा दिवस आधी करावं लागत नाही. अनारसे करायचेच असतील तर घरच्यांसाठी आणि तुमच्या हौसेसाठी करा. तिने एक चाखला तर आनंद माना, हिशेब ठेवू नका. चकलीची भाजणी मात्र भाजून, दळून ठेवा आणि चकल्या ती आल्यावर घाला. सोऱ्या तिच्या हातात द्या, तुम्ही कढईजवळ बसा. मळायचं काम यंत्राला सांगा. चकली तेलात सुटली किंवा मऊ पडली तर पडू द्या, हातातून सोऱ्या काढून घेऊ नका.

घरात तिला एक काम असू द्या. तिच्यावर ओझं टाका असं मी म्हणत नाही. पण आयतं ताट पुढे येत राहिलं की माणूस उपरा होतो, आणि लॉजवर नेमकं तेच असतं, सगळं आयतं. नरक चतुर्दशीच्या सकाळी लक्ष्मीपूजनासाठी झेंडू, लाह्या-बत्तासे, केरसुणी आणायला तिला आणि तिच्या बाबांना दोघांनाच पाठवा. त्या दिवशी ती पहाटेच उठलेली असेल. मारुती रोडला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते, दोघं भाव करत, पिशव्या सांभाळत फिरतील. घरात न बोलणारे वडील बाजारात बोलतात. मिरजेला तिला आणायलाही त्यांनीच जावं, आणि तुम्ही बरोबर जाण्याचा मोह आवरावा. पाडव्याला मुलगी बापाला ओवाळते. गेल्या वर्षी त्या दिवशी घरात परकी माणसं होती, त्यामुळे ते झालं की नाही कुणास ठाऊक. यंदा पाडव्याला तिला सुट्टी आहे. सकाळ पूर्ण घरच्यांसाठी ठेवा, कुणालाही बोलावू नका.

संध्याकाळी मैत्रिणींकडे जाण्याबद्दल तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. न सांगता जाणं तिचं चुकलं. घरात जेवायला थांबलेली माणसं असतात आणि काळजीही असते, एक फोन करायलाच हवा होता. पण तिने जाऊ नये, हे मला पटत नाही. त्या मैत्रिणीही पुण्याहून, मुंबईहून त्याच चार दिवसांसाठी येतात. बंगळुरूत तिला सांगलीची भाषा बोलणारं कोण आहे? तेव्हा आधीच ठरवा की कुठली संध्याकाळ मैत्रिणींची. त्या रात्री तिच्यासाठी ताट झाकून ठेवू नका, जागू नका, किल्ली द्या. आणि तिच्याकडून एवढंच मागा की उशीर होणार असेल तर कळव.

तुमचा राग साडेदहा वाजल्याचा नव्हता. आठ महिने वाट बघितली होती, चार दिवस मिळाले होते, त्यातला एक वन्सं आणि पाहुण्यांत गेला आणि उरलेली संध्याकाळ मैत्रिणींनी नेली. तुम्हाला म्हणायचं होतं की मला तू पुरली नाहीस. तोंडून निघालं लॉज. या वेळीही असा एखादा क्षण येईल, कारण चार दिवस कितीही नीट आखले तरी कमीच पडतात. तेव्हा जे खरं आहे तेच बोला. 'मला तुझ्याशी अजून बोलायचं होतं, तू जातेस याचं वाईट वाटतंय.' हे ऐकून कुठलीही मुलगी पहाटेची बस पकडत नाही. 'आजकालच्या मुलांना घराची किंमतच नाही' यावर मात्र प्रत्येक मुलीकडे उत्तर तयार असतं.

आणि त्या लॉजच्या वाक्याबद्दल ती यायच्या आधी बोला. तिच्या कामाच्या दिवशी नको, सुट्टीच्या दिवशी. लांबण लावायचं कारण नाही. 'गेल्या वर्षी मी जे बोलले ते बोलायला नको होतं, आणि पाडव्याला जे झालं तेही व्हायला नको होतं. या वर्षी तसं होणार नाही.' त्यापुढे 'पण तूसुद्धा' हे शब्द आणू नका. तिची चूक तिला माहीत असते. ती कदाचित गप्प बसेल, कदाचित 'जाऊ दे गं' म्हणून विषय बदलेल. बदलू द्या. लगेच रडून मिठी मारणारी मुलगी असती तर हे पत्र तुम्हाला लिहावं लागलं नसतं.

भाऊबीज गेल्या वर्षी राहिली, त्याचं धाकट्यालाही वाटलं असणार, त्याला कुणी विचारलं नसेल. यंदा तो दिवस बहुतेक तिच्या कामाचा असेल, तेव्हा ओवाळणं सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी किंवा संध्याकाळी तो मिटल्यावर. आणि परतीचं तिकीट कधीचं आहे ते आत्ताच फोनवर विचारून घ्या. दारात पाऊल ठेवल्याबरोबर 'किती दिवस आहेस?' हा प्रश्न नको. 'एक दिवस वाढव की' हा आग्रहही नको. दिवाळीनंतरच्या गर्दीत एक तिकीट रद्द केलं की दुसरं मिळत नाही, आणि ट्रॅव्हल्सवाले त्या आठवड्यात वाटेल ते भाडं सांगतात. बरोबर काय न्यायचं ते तिने सांगावं, तुम्ही तेवढंच बांधा. भाजणीच्या चकल्या आणि चिवडा ती नेईल. डब्यावर झाकण बसेल इतकंच भरा, बॅगेत तिचं सामानही जायचंय.

नणंदबाईंना फोन मात्र या आठवड्यातच व्हायला हवा. त्यांनी यंदाही कुणाला शब्द दिलेला असेल, तर तो परत घ्यायला त्यांना वेळ मिळाला पाहिजे.